बावीस हजार तीनशे कशाचे? इंधनाच्या मापाचा इतिहास आणि एक विमान

🧵 धागा

१.
२३ जुलै १९८३, शनिवार. कॅनडाच्या आकाशात ४१,००० फूट उंचीवरून एअर कॅनडाचे बोइंग ७६७ जातीचे नवेकोरे विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनकडे निघाले होते. विमानात ६१ प्रवासी आणि ८ कर्मचारी होते. अर्ध्या वाटेवर आधी डावे इंजिन थांबले, मग उजवे. इंजिनांत कोणताही दोष नव्हता, वादळ नव्हते, घातपातही नव्हता. टाक्यांतले इंधन संपले होते.

२.
तळावर इंधनाचा तुटवडा नव्हता आणि ते भरण्यात कोणी कुचराईही केली नव्हती. जमिनीवर अनेकांनी मिळून हिशेब केला होता, तो पुन्हा तपासलाही होता. त्या हिशेबातला एक गुणक तेवढा चुकीचा होता. लिटरचे किलो करताना वापरलेला तो आकडा आला कुठून आणि तो कोणाच्याच नजरेला का खटकला नाही, हा आजच्या धाग्याचा विषय आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

३.
आधी गणित समजून घेऊ. ते अवघे एका ओळीचे आहे. वस्तुमान भागिले घनता म्हणजे आकारमान. वाहत्या द्रवालाही हाच नियम लागू पडतो: दर तासाला किती किलो वाहते याला घनतेने भागले की दर तासाला किती लिटर वाहते ते मिळते. समजा, एक इंजिन तासाला १० किलो पेट्रोल जाळते. १५ अंश सेल्सिअसला त्या पेट्रोलची घनता लिटरला ०.७४ किलो असेल, तर १० ÷ ०.७४, म्हणजे तासाला सुमारे १३.५ लिटर.

४.
आता तेच पेट्रोल मे महिन्याच्या उन्हात ३५ अंशांना तापले असे समजू. तापलेले पेट्रोल प्रसरण पावते आणि घनता साधारण ०.७२२ वर येते. इंजिन अजूनही १० किलोच जाळत आहे, पण लिटर मात्र झाले सुमारे १३.८५. जळण तेवढेच, मिळणारी ऊर्जाही तेवढीच. फक्त मापाचा आकडा बदलला. किलोवर तापमानाचा परिणाम होत नाही, लिटरवर होतो. पुढची सारी कथा या एका भेदावर उभी आहे.

५.
मग दोन मापे हवीत कशाला? कारण दोघांच्या गरजा वेगळ्या. विकणाऱ्याला द्रव मोजायचा तर भांडे भरून मोजणे सर्वांत सोपे. म्हणून व्यापार आकारमानाचा. इंधनातली ऊर्जा मात्र त्याच्या वस्तुमानावर ठरते. शिवाय विमानाला आपले इंधन स्वतःच वाहून न्यायचे असते. उड्डाणाला किती वेग लागेल, पंखांवर किती भार येईल, हे वजनावर ठरते. म्हणून वैमानिक किलोत किंवा पौंडांत विचार करतो आणि इंधन भरणारा लिटरमध्ये किंवा गॅलनमध्ये. दोघांच्या मधोमध घनता उभी असते.

६.
महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. आपल्याकडे ‘शेर’ हा शब्द वजनालाही वापरला जाई आणि धान्य भरून मोजण्याच्या मापालाही. पायली, अधोली, मापटे, चिपटे ही सारी भरून मोजायची मापे. एक पायली बाजरी आणि एक पायली पोहे तराजूत घाला, पारडे कधीच सारखे राहणार नाही. जुन्या कागदांत नुसता ‘शेर’ दिसला, की तो वजनी आहे की मापी, हे विचारल्याशिवाय जाणकार अभ्यासक पुढे जात नाही. हा प्रश्न लक्षात ठेवा. शेवटी तो पुन्हा येणार आहे.

७.
युरोपातील सुधारकांनी या गोंधळावर एक देखणा तोडगा काढला. १७९५च्या फ्रेंच कायद्याने ग्रॅमची व्याख्या पाण्यावरून केली: बर्फ वितळते त्या तापमानाला असलेल्या एक घन सेंटीमीटर पाण्याचे वजन. पुढे १७९९मध्ये हे तापमान बदलून पाणी सर्वाधिक घन असते ते, म्हणजे सुमारे ४ अंश, धरण्यात आले. त्यामुळे एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ब्रिटिशांनीही १८२४च्या कायद्यात नवा इंपीरियल गॅलन ठरवला तो ६२ अंश फॅरनहाइटच्या दहा पौंड पाण्याच्या आकारमानावरून. वजन आणि माप यांच्यात पाण्याचा पूल बांधला गेला.

८.
हा पूल सोयीचा होता, पण त्याने एक सवय लावली. पाण्यापुरते पाहिले तर लिटरचे किलो करताना एकाने गुणायचे, म्हणजे काहीच करायचे नाही. १९०१ ते १९६४ या काळात तर लिटरची अधिकृत व्याख्याच ‘एक किलो पाण्याचे आकारमान’ अशी होती. मधली घनता दिसेनाशी झाली. पेट्रोल, रॉकेल, तेल, दूध यांच्यासाठी ती तिथेच होती. फक्त ती विचारायची सवय मोडली.

९.
आता खनिज तेलाकडे वळू. २७ ऑगस्ट १८५९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल येथे एडविन ड्रेकच्या विहिरीला तेल लागले. तेल भरायला मिळेल ते पिंप वापरले गेले: व्हिस्कीचे, खारवलेल्या मासळीचे, कशाचेही. १८६६मध्ये तेथील उत्पादकांनी ठरवले, की ४० गॅलनच्या प्रत्येक पिंपामागे गिऱ्हाइकाला दोन गॅलन जादा द्यायचे. आज जगभर तेलाचा भाव ज्या ‘बॅरल’मध्ये सांगितला जातो, तो ४२ अमेरिकी गॅलनचा, म्हणजे सुमारे १५९ लिटरचा बॅरल या तोडीतून आला.

१०.
पण पिंप भरले म्हणजे आत काय आहे हे कळले असे नाही. हलके तेल की जड तेल? यासाठी एक जुने उपकरण हाती आले: द्रवात तरंगणारी, खालून जड अशी काचेची नळी. द्रव जितका हलका, तितकी ती अधिक बुडते. आंत्वान बोमे या फ्रेंच औषधनिर्मात्याने १७६८मध्ये अशा नळीवर अंशांची पट्टी आखली होती. तीच बोमे पट्टी तेलाच्या व्यापारात रुळली.

११.
इथे इतिहासातला एक गमतीदार प्रसंग घडतो. पाण्याहून हलक्या द्रवांसाठी बोमे पट्टीचे सूत्र १४० या स्थिरांकावर आधारलेले होते आणि १९१६मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने ते अधिकृतपणे स्वीकारले. पुढे पाहणीत आढळले, की बाजारात चालणाऱ्या असंख्य नळ्या प्रत्यक्षात १४१.५ या स्थिरांकाने आखलेल्या आहेत. चूक इतकी पसरली होती की ती उपटून काढणे अशक्य. मग १९२१मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने १४१.५ धरूनच स्वतःची पट्टी सुरू केली. ‘एपीआय अंश’ म्हणून ती आजही वापरात आहे. पाण्याला त्या पट्टीवर १० अंश मिळतात आणि जितके तेल हलके, तितके अंश जास्त.

१२.
तापमानाचा तिढा राहिलाच होता. द्रव तापल्यावर किती फुगतात याचा अभ्यास करणाऱ्यांत एक नाव तुमच्या ओळखीचे आहे: आवर्त सारणीचे जनक दिमित्री मेंडेलीव्ह. १८७६मध्ये ते पेनसिल्व्हेनियाचा तेलउद्योग पाहून आले होते आणि १८८४मध्ये द्रवांच्या प्रसरणाचे एक सूत्र त्यांनी मांडले. व्यवहारात तोडगा असा निघाला, की आकारमान नेहमी एका ठरीव तापमानाला आणून सांगायचे. अमेरिकेत ६० अंश फॅरनहाइट, मेट्रिक देशांत सहसा १५ अंश सेल्सिअस. त्यासाठी जाडजूड कोष्टके तयार झाली.

१३.
ही कोष्टके कंटाळवाणी वाटतील, पण त्यांच्यात पैसा दडलेला आहे. पेट्रोल दर अंशाला ढोबळमानाने हजारात एक भाग इतके फुगते. १२,००० लिटरचा टँकर ३५ अंशांना भरला आणि जमिनीखालच्या टाकीत ते पेट्रोल २५ अंशांना निवले, तर सुमारे १२० लिटर ‘नाहीसे’ होतात. कोणी चोरले नाही, कुठे गळाले नाही. वस्तुमान जसेच्या तसे असते. तापमान न लिहिता लिटर लिहिले, की प्रामाणिक माणसावरही आळ येऊ शकतो.

१४.
आता पुन्हा कॅनडात. १९७० साली तेथील सरकारने मेट्रिक पद्धतीकडे जाण्याची श्वेतपत्रिका काढली आणि १९७१मध्ये त्यासाठी आयोग नेमला. त्याआधीचा कॅनडा इंपीरियल गॅलन आणि पौंड यांत वाढलेला. १९८०च्या आसपास देशाची स्थिती अर्धी इकडे, अर्धी तिकडे अशी होती. एअर कॅनडाच्या ताफ्यातही तेच: जुनी विमाने पौंडांत हिशेब करणारी आणि नवे बोइंग ७६७ हे किलोत हिशेब करणारे पहिले विमान.

१५.
त्यात आणखी एक बदल मिसळला. जुन्या मोठ्या विमानांत दोन वैमानिकांखेरीज तिसरा माणूस असे, फ्लाइट इंजिनिअर. इंधनाचा हिशेब त्याच्याकडे. नव्या ७६७मध्ये संगणक आल्याने तिसरी खुर्ची गेली. हिशेब मात्र गेला नाही. तो आता कोणी करायचा, वैमानिकांनी की जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनी, हे कंपनीने स्पष्टपणे ठरवून दिले नव्हते. एरवी चालून जाई, कारण टाकीतले इंधन यंत्रच किलोत दाखवत असे.

१६.
त्या दिवशी नेमके तेच यंत्र बंद होते. इंधनमापकाच्या एका भागात सदोष डाखजोड होती. आदल्या दिवशी एडमंटनला एका तंत्रज्ञाने बिघडलेली वाहिनी बंद करून दुसरीवर काम भागवले होते. माँट्रियलला दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासणीसाठी ती वाहिनी पुन्हा चालू केली आणि कॉकपिटमधले इंधनाचे सर्व काटे कोरे पडले. नियमाप्रमाणे अशा स्थितीत उड्डाण करायचे नव्हते. पण काही गैरसमजांतून, ‘हाताने मोजून जाता येईल’ असा समज झाला.

१७.
हाताने मोजणे म्हणजे पंखाखालच्या मोजकाठ्यांनी टाकीतली पातळी सेंटीमीटरमध्ये पाहायची आणि कोष्टकावरून लिटर काढायचे. ते काम चोख झाले: टाक्यांत ७,६८२ लिटर. एडमंटनपर्यंत लागणार होते २२,३०० किलो. एका बाजूला लिटर, दुसऱ्या बाजूला किलो. मध्ये घनता हवी. विमानाचे इंधन म्हणजे एक प्रकारचे शुद्ध रॉकेल. त्या दिवशी त्याची घनता लिटरला सुमारे ०.८०३ किलो होती.

१८.
बरोबर हिशेब असा झाला असता:
७,६८२ × ०.८०३ = ६,१६९ किलो टाकीत आहे.
२२,३०० − ६,१६९ = १६,१३१ किलो आणखी हवे.
१६,१३१ ÷ ०.८०३ = सुमारे २०,०८८ लिटर भरायचे.

१९.
प्रत्यक्षात इंधन भरणाऱ्याच्या कागदावर आकडा होता १.७७. वर्षानुवर्षे तोच लिहिला जात होता आणि तो खोटाही नव्हता. ०.८०३ ला २.२०५ ने गुणून पाहा: लिटरला १.७७ पौंड. जुन्या विमानांसाठी अगदी अचूक. नव्या विमानासाठी घातक. त्या कागदावर १.७७ च्या पुढे ‘पौंड’ हा शब्द नव्हता.

२०.
मग हिशेब झाला तो असा:
७,६८२ × १.७७ = १३,५९७, आणि हे किलो मानले गेले.
२२,३०० − १३,५९७ = ८,७०३ ‘किलो’ आणखी हवे.
८,७०३ ÷ १.७७ = ४,९१७ लिटर.
म्हणजे २०,०८८ लिटरच्या जागी ४,९१७. विमानात एकूण इंधन झाले सुमारे १०,१०० किलो, गरजेच्या निम्म्याहूनही कमी. २२,३०० भरले खरे, पण पौंड.

२१.
वैमानिकांनी २२,३०० हा आकडा संगणकात स्वतः टाकला. संगणक इंजिनांकडे वाहणाऱ्या इंधनाचे वस्तुमान मोजून ते वजा करत राहिला. त्याची वजाबाकी निर्दोष होती. सुरुवातीची शिल्लकच चुकीची होती. ओटावाला कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांनी पुन्हा काठ्या टाकून मोजायला लावले. मोजमाप पुन्हा बरोबर आले आणि पुन्हा १.७७ नेच गुणले गेले. त्याच चुकीच्या गुणकाने दोनदा गुणले, तर उत्तरे जुळणारच. एकच गृहीतक दोन्ही वेळा कायम ठेवले, तर ती फेरतपासणी ठरत नाही.

२२.
आकाशात दोन्ही इंजिने थांबल्यावर वीज गेली आणि बहुतेक पडदे काळे झाले. पोटाखालून एक लहान पंखा बाहेर आला. वाऱ्यावर फिरून तो सुकाणूपुरता दाब पुरवू लागला. पिअर्सन यांना हौसेने ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटाल यांनी आकडेमोड केली: दहा सागरी मैलांत ५,००० फूट उंची जाते आहे. विनिपेग गाठणे अशक्य. क्विंटाल यांना गिमली येथील हवाईदलाचा जुना तळ आठवला. तिथे त्यांनी सेवा केली होती.

२३.
तो तळ बंद होऊन धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती भरू लागल्या होत्या, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या दिवशीही शर्यतीसाठी कुटुंबे तंबू ठोकून बसली होती. इंजिनांचा आवाज नसल्याने विमान येते आहे हे लोकांना अगदी जवळ येईपर्यंत कळले नाही. उंची जास्त होती, म्हणून पिअर्सन यांनी ग्लायडरची युक्ती वापरली: विमान तिरके घसरवत खाली आणले. पुढचे चाक खिळीत बसले नव्हते, ते मिटले. नाक जमिनीवर घासत विमान थांबले. सुमारे १७ मिनिटांचे बिनइंजिनाचे उड्डाण. काहींना किरकोळ दुखापती झाल्या, प्राण एकाचाही गेला नाही.

२४.
कंपनीच्या चौकशीत दोष वैमानिकांवर आणि तंत्रज्ञांवर आला. पिअर्सन यांना सहा महिने पदावनत करण्यात आले, क्विंटाल यांना दोन आठवडे निलंबित. नंतर न्यायमूर्ती जॉर्ज लॉकवूड यांच्या चौकशी आयोगाने १९८५च्या अहवालात खोलात जाऊन पाहिले. त्यांनी विमानातील कर्मचाऱ्यांचे कौशल्य वाखाणले आणि बोट ठेवले ते व्यवस्थेवर: हिशेबाची जबाबदारी कोणाची हे न ठरवणे, नव्या एककांचे पुरेसे प्रशिक्षण न देणे, यंत्राचे सुटे भाग हाताशी नसणे. त्याच वर्षी दोघा वैमानिकांना आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाने गौरवले. ते विमान दुरुस्त होऊन २००८पर्यंत उडत राहिले. लोक त्याला ‘गिमली ग्लायडर’ म्हणतात.

२५.
यावरून ‘मेट्रिक पद्धत वाईट’ असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही होते. पण १.७७ आणि ०.८०३ हे दोन्ही आकडे आपापल्या जागी खरेच होते. धोका होता तो संक्रमणाच्या काळात, जेव्हा दोन व्यवस्था एकाच कागदावर नांदत होत्या आणि एकक सांगायची गरज कोणाला वाटली नाही. जुन्या व्यवस्थेत जे सर्वांना ठाऊक असते ते कोणी लिहीत नाही. व्यवस्था बदलते तेव्हा नेमके ते न लिहिलेलेच हरवते.

२६.
आपल्याकडे १९५६च्या कायद्यानंतर, १९५८पासून टप्प्याटप्प्याने शेर-मणाच्या जागी किलो-लिटर आले. तरी मूळचा पेच पेट्रोलपंपावर आजही पाहता येतो. पेट्रोल लिटरने मिळते. पंपचालकाला त्याची घनता मोजून, १५ अंशांना आणून नोंदवावी लागते आणि ग्राहक ती पाहू शकतो. त्याच आवारात सीएनजी मात्र किलोने मिळतो, कारण वायूचे आकारमान दाबाबरोबर इतके बदलते की लिटरला अर्थ उरत नाही. तिथला मापक थेट वस्तुमानाचा प्रवाह मोजतो. दोन नळ्या, दोन तत्त्वे, मध्ये चार पावलांचे अंतर.

२७.
आता सहाव्या मुद्द्यातला ‘शेर’ आठवा. मोहिमेला किती दाणागोटा लागला, दुष्काळात धान्य काय भावाने विकले गेले, गावचा सारा किती, हे आपण जुन्या कागदांतल्या आकड्यांवरून मांडतो. तो आकडा मापी की वजनी, कोणत्या परगण्याचा, हे न विचारता गुणाकार केला, तर सैन्य दुप्पट होईल किंवा दुष्काळ निम्मा. आपल्या चुकीने विमान खाली येत नाही. म्हणूनच ती पन्नास वर्षे पुस्तकांतून सुखरूप उडत राहू शकते.

२८.
तेव्हा कोणताही ऐतिहासिक आकडा समोर आला, की तीन प्रश्न विचारावेत. हे कशात मोजले? कोणत्या स्थितीत मोजले? आणि पडताळणाऱ्याने स्वतंत्रपणे मोजले, की त्याच आकड्याने पुन्हा गुणले? ‘बावीस हजार तीनशे’ हे उत्तर त्या दिवशी सर्वांना माहीत होते. ‘कशाचे?’ हे कोणी विचारले नाही.

धागा समाप्त. आपल्या गावाकडे पायली किती शेरांची होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून खाली अवश्य लिहा, तालुक्याच्या नावासह. उत्तरे एकसारखी येणार नाहीत, आणि तोच पुढच्या धाग्याचा विषय असेल.